चार चिठ्ठ्या, सहा मृत्यू

पहाट अजून व्हायची आहे. व्हेरोना शहराच्या दफनभूमीत, कॅप्युलेट घराण्याच्या थडग्यात गस्तवाले मशाली घेऊन शिरतात आणि जागच्या जागी थबकतात. समोर तीन देह. एक पॅरिस, शहराच्या अधिपतीचा नातलग. दुसरा रोमिओ, ज्याला सोमवारीच हद्दपारीची शिक्षा झाली होती आणि ज्यानं या शहरात पाऊलही ठेवायला नको होतं. तिसरी ज्युलिएट. तिचा तर अंत्यविधीही उरकला होता, घरच्यांनी रडत रडत तिला इथं आणून ठेवलं होतं. मग तिच्या अंगातून आत्ता ऊन रक्त कसं वाहतंय?

थोड्याच वेळात दोन माणसं पकडून आणली जातात. एक रोमिओचा नोकर. दुसरा म्हातारा साधू. त्याच्याजवळ कुदळ आणि फावडं सापडलं आहे. तो थरथरतोय, उसासे टाकतोय, रडतोय. मग अधिपती एस्कॅलस येतो, ज्युलिएटचे आईबाप येतात, रोमिओचा बाप येतो. आक्रोश सुरू होतो आणि अधिपती तो थांबवतो. आधी या सगळ्याचं मूळ कळू दे, शोक त्यानंतर.

‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हटलं की आपल्याला सज्जा आठवतो, चांदणं आठवतं. मंगेश पाडगावकरांसारख्या कवीनं हे नाटक मराठीत आणलं, आणि कुठल्याही प्रेमी जोडप्याला ही दोन नावं चिकटवण्याची आपली सवय तर त्याहून जुनी. पण मला दर वेळी थक्क करतो तो हा शेवटचा प्रवेश. इथं प्रेमाचं बोलणं संपलेलं आहे आणि चौकशी चालू आहे. साधूची साक्ष होते, नोकराची होते, पॅरिसच्या पोऱ्याची होते, कागदाचा एक पुरावाही वाचला जातो. सगळं उलगडतं. आता निकाल येणार म्हणून आपण कान टवकारतो. आणि अधिपती एवढंच सांगतो की काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा होईल.

कुणाला माफी? कुणाला शिक्षा? नाटक तिथंच संपतं.

खोडलेला निकाल

नवल असं की शेक्सपिअरला निकाल माहीत होता. ही गोष्ट त्याची स्वतःची नव्हेच. इटलीत लुइजी दा पोर्तोनं ती 1530च्या सुमारास लिहिली, मग मात्तेओ बांदेल्लोनं 1554मध्ये. तिथून ती फ्रेंचमध्ये गेली आणि 1562मध्ये आर्थर ब्रुक नावाच्या इंग्रज कवीनं तिचं तीन हजारांहून अधिक ओळींचं काव्य केलं. शेक्सपिअरनं 1595च्या आसपास नाटक लिहिलं ते मुख्यतः हे काव्य समोर ठेवून.

ब्रुकच्या काव्यात सगळ्यांचा हिशेब चुकता होतो. लग्नाची गोष्ट लपवली म्हणून ज्युलिएटच्या दाईला हद्दपारी. विष विकलं म्हणून औषधविक्याला फाशी. रोमिओचा नोकर निर्दोष, त्याची सुटका. साधूला माफी, पण तो स्वतःच गाव सोडून एकांतात राहतो आणि पाच वर्षांनी मरतो. प्रस्तावनेत तर ब्रुक त्या दोन पोरांनाच दोषी ठरवतो: आईबापांचा मान राखला नाही, वासनेच्या मागे लागले, दाई आणि साधूचं ऐकलं, म्हणून हे भोगलं.

हा तयार निकाल शेक्सपिअरनं काढून टाकला. एवढंच करून तो थांबला नाही. ब्रुकची ज्युलिएट सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे. शेक्सपिअरनं तिचं वय चौदा वर्षांना दोन आठवडे कमी इतकं खाली आणलं. ब्रुककडे ही गोष्ट नाताळच्या सुमारास सुरू होऊन काही महिने चालते, नवराबायको म्हणून दोघं महिना-दोन महिने चोरून भेटतात. शेक्सपिअरनं ते सगळे महिने चार दिवसांत कोंबले. रविवारी सकाळी रस्त्यावर मारामारी, रात्री मेजवानी आणि सज्जा. सोमवारी दुपारी लग्न आणि तासाभरात दोन खून. मंगळवारी पहाटे ताटातूट. बुधवारी ज्युलिएटचं ‘प्रेत’. गुरुवार उजाडायच्या आत सगळं संपलेलं.

निकाल काढून टाकणं आणि वेळ आवळणं या दोन्ही गोष्टी एकाच हेतूनं झाल्या असाव्यात असं मला वाटतं. महिने हाताशी असताना माणूस चुकला तर तो गुन्हेगार ठरतो. पण विचार करायला श्वासाइतकाही अवधी नसताना तो चुकला, तर त्याच्यावर बोट ठेवणं कठीण होतं. लेखकानं आपल्यासाठी खटला अवघड करून ठेवला आहे. तो सोडवायचा तर नाटकात एक धागा सापडतो. तो आहे चिठ्ठ्यांचा. या नाटकात चार कागद फिरतात, आणि त्यांतला एकही वेळेवर योग्य हाती पडत नाही.

पहिली चिठ्ठी: ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती

रविवारी कॅप्युलेटच्या घरी मेजवानी आहे. आवतण द्यायच्या पाहुण्यांची यादी करून म्हातारा ती नोकराच्या हाती देतो. नोकराला अक्षरओळख नाही. मालकाला हे सांगायची त्याला सोय नाही, म्हणून तो रस्त्यात कुणी शिकलेला भेटतो का ते पाहू लागतो. भेटतो तो रोमिओ, मालकाच्या वैऱ्याचा मुलगा. नोकर त्याला ओळखत नाही. रोमिओ यादी वाचून दाखवतो, तीत रोझलाइन हे नाव येतं, ज्या मुलीपायी तो त्या दिवसांत झुरत होता. तिला पाहायला म्हणून तो मुखवटा घालून शत्रूच्या घरी जातो आणि तिथं ज्युलिएट दिसते.

थोडं थांबून पाहा. त्या नोकराला वाचता येत असतं तर रोमिओला मेजवानीचा पत्ताच लागला नसता. सहा मृत्यूंच्या साखळीची पहिली कडी एका गरीब, निरक्षर माणसाची अडचण आहे. त्याला दोष देणार का? मनात तसा विचारही येत नाही. पण कारण शोधत मागे गेलो की तो उभा दिसतोच.

त्याच यादीत मर्क्युशिओचं नाव आहे, टिबल्टचंही आहे. दुसऱ्याच दिवशी जे दोघे मरणार आहेत त्यांची नावं रोमिओ स्वतःच्या तोंडानं वाचतो.

दुसरी चिठ्ठी: घरी पडून राहिलेली

मेजवानीत ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट रोमिओला आवाजावरून ओळखतो आणि तलवार मागवतो. आश्चर्य म्हणजे त्याला अडवतो तो कॅप्युलेट. हा मुलगा सभ्य आहे, गावात त्याचं नाव चांगलं आहे, माझ्या घरी त्याचा अपमान होता कामा नये, असं तो बजावतो. वैर संपवायची ताकद या म्हाताऱ्यात होती हे दाखवणारा हा छोटासा क्षण आहे.

टिबल्ट राग गिळतो आणि दुसऱ्या दिवशी द्वंद्वाचं आव्हान देणारं पत्र रोमिओच्या घरी धाडतो. पण रोमिओ घरी आहेच कुठं? रात्र सज्जाखाली गेली, पहाट साधूच्या मठात. त्याचे मित्र मर्क्युशिओ आणि बेन्व्होलिओ त्या पत्राबद्दल आपसांत बोलतात. मग रोमिओ येतो, थट्टामस्करी रंगते, दाई निरोप घेऊन येते, आणि पत्राचा विषय कुणी पुन्हा काढतच नाही.

म्हणून सोमवारी दुपारी टिबल्ट समोर उभा ठाकतो तेव्हा रोमिओ बेसावध आहे. तासाभरापूर्वी त्याचं ज्युलिएटशी गुपचूप लग्न लागलंय. टिबल्ट आता त्याचा सोयरा आहे. तो शिव्या देतो, रोमिओ प्रेमानं बोलतो. पण का, ते सांगू शकत नाही. रोमिओचं ते नमतं घेणं पाहून मर्क्युशिओ शरमतो, चिडतो, आणि त्याच्याऐवजी स्वतःच तलवार उपसतो. रोमिओ मध्ये पडतो. त्याच्याच हाताखालून टिबल्टची तलवार मर्क्युशिओच्या अंगात घुसते.

इथं दोष कुणाचा? टिबल्टचा, हे खरं. मर्क्युशिओच्या उतावळेपणाचाही. पण त्या घावाला वाट करून दिली ती भांडण सोडवणाऱ्या हातानं. आणि मग तोच शांततेचा हात टिबल्टला मारतो. मरताना मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांना शाप देतो, तुमच्या घरांवर मरी यावी असा. तो शाप पुढं अक्षरशः खरा होतो.

एक दिवस कुठं गेला?

तिसऱ्या चिठ्ठीकडे जाण्याआधी ज्युलिएटच्या घरात डोकावायला हवं, कारण तिथं एक अख्खा दिवस चोरीला गेला आणि चोर कोण हे अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

नाटकाच्या सुरुवातीला पॅरिस मागणी घालतो तेव्हा कॅप्युलेट म्हणतो की मुलगी लहान आहे, दोन वर्षं जाऊ देत, आणि तिची संमती हवी, माझी इच्छा हा त्यातला केवळ एक भाग. त्या काळातल्या बापाच्या तोंडी हे बोलणं ऐकून मन भरून येतं. हाच बाप मंगळवारी तिला सांगतो की गुरुवारी चर्चमध्ये आली नाहीस तर फरफटत नेईन, नाहीतर रस्त्यावर भीक माग.

मधे काय झालं? टिबल्ट मेला. ज्युलिएट रडत राहिली. घरच्यांना वाटलं ती भावासाठी रडतेय. खरं तर ती हद्दपार झालेल्या नवऱ्यासाठी रडत होती. दुःखानं पोर हातची जाईल या काळजीनं बापानं लग्न उरकायचं ठरवलं. म्हणजे जो निर्णय तिचा जीव घेणार होता, तो तिचा जीव वाचवण्यासाठी घेतलेला होता. एका वाक्यानं तो फिरला असता. ‘बाबा, माझं लग्न झालंय.’ ते वाक्य तिच्या तोंडून निघू शकलं नाही. ज्या दाईला सगळं माहीत होतं तिनंही त्या क्षणी पॅरिसशी लग्न कर म्हणून सांगितलं. ज्युलिएटला घरात आता कुणीच उरलं नाही.

ती धावते साधूकडे. फ्रायर लॉरेन्स वनस्पतींचा जाणकार. नाटकात तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा हातात परडी आहे आणि तो एका फुलाबद्दल बोलतोय, ज्याचा वास औषध आहे आणि चव विष. सबंध नाटकाची गुरुकिल्ली त्या परडीत आहे असं मला वाटतं. या गोष्टीतल्या प्रत्येक माणसाच्या भल्या गुणातच मरणाचा अंश आहे. किती, कधी आणि कुठं, एवढाच प्रश्न.

लॉरेन्स तिला बेचाळीस तास मेल्यासारखी झोप आणणारं औषध देतो. बेत असा: घरी जाऊन लग्नाला हो म्हण, बुधवारी रात्री औषध घे, गुरुवारी सकाळी तुला मेलेली समजून थडग्यात नेतील, तोवर माझं पत्र मिळून रोमिओ मांटुआहून, त्याच्या हद्दपारीच्या गावाहून, आलेला असेल.

ज्युलिएट घरी जाते, बापाच्या पाया पडून माफी मागते. आणि बाप एवढा सुखावतो, एवढा हर्षानं फुलतो की लग्न गुरुवारी नको, उद्याच करू या म्हणतो. लग्न बुधवारवर आलं. औषध मंगळवारी रात्रीच घ्यावं लागलं. पत्राला मिळणारा एक दिवस गेला. तो खाल्ला तिच्या आज्ञाधारकपणानं आणि बापाच्या आनंदानं.

अभ्यासकांनी इथं घड्याळ लावून पाहिलंय. मंगळवारी रात्री नऊला औषध घेतलं असं धरलं, तर बेचाळीस तास गुरुवारी दुपारी तीनला भरतात. पण ज्युलिएट गुरुवार उजाडायच्या आत जागी होते. हिशेब जुळत नाही. नाट्यगृहात बसलेल्या माणसाला मात्र ही तफावत जाणवतच नाही, कारण तेव्हा तो तास मोजत नसतो, मांटुआच्या रस्त्याकडे डोळे लावून बसलेला असतो.

तिसरी चिठ्ठी: बंद दाराआड

पत्र घेऊन निघतो फ्रायर जॉन. फ्रान्सिस्कन साधू प्रवासाला जोडीनं जात, म्हणून तो शहरात एका गुरुबंधूला शोधायला जातो. तो गुरुबंधू आजाऱ्यांची सेवा करत असतो. शहराच्या आरोग्य-तपासनिसांना संशय येतो की या घरात प्लेग आहे. ते दारं बंद करून मोहोर लावतात. जॉन आत, पत्र आत. संसर्गाच्या भीतीनं ते पत्र परत पोचवायलाही कुणी तयार होत नाही.

मर्क्युशिओच्या शापातली मरी ती हीच. तिसऱ्या अंकात उच्चारलेला शब्द पाचव्या अंकात येऊन दाराला कडी घालतो.

आज काहींना हा योगायोग ओढूनताणून आणलेला वाटतो. लंडनच्या पहिल्या प्रेक्षकांना तसं वाटायचं कारण नव्हतं. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बहुतांश बंदच होती; नुसत्या 1593मध्ये शहरात दहा हजारांहून अधिक माणसं दगावली. रोग आढळला की घरातल्या धडधाकट माणसांसकट दार बंद होई. त्या शहरात प्रेतं तपासायला नेमलेल्या बायका दारोदार फिरत. नाटक बघायला जमलेल्या कित्येकांनी असं बंद दार आतून किंवा बाहेरून पाहिलेलं होतं. 2020नंतर आपल्यालाही तो प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दोष कुणाचा म्हणाल? जॉन आजाऱ्याच्या घरी गेला म्हणून अडकला. तपासनिसांनी शहर वाचावं म्हणून दार लावलं. सगळे आपापलं काम नीट करत होते.

पण एक बारीकशी गोष्ट आहे आणि ती सापडली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. सोमवारी रात्री रोमिओला निरोप देताना लॉरेन्सनं त्याला शब्द दिला होता की मी तुझ्या नोकराला गाठीन आणि इथली खबरबात वेळोवेळी त्याच्या हाती पाठवत राहीन. हा नोकर म्हणजे बाल्थझार. पण वेळ आली तेव्हा साधूनं पत्र दिलं जॉनजवळ. बाल्थझारला कुणी काहीच सांगितलं नाही. त्यानं आपल्या डोळ्यांनी ज्युलिएटला थडग्यात ठेवताना पाहिलं, आणि इमानी नोकर करील तेच केलं. घोडं भाड्यानं घेतलं आणि सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या मांटुआला मालकापाशी दौडत गेला.

खरी बातमी ज्याच्या हाती पाठवायचं ठरलं होतं, तोच माणूस खोटी बातमी घेऊन पोचला. आणि ती खोटी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

साधूचं पत्र नाही का आलं, असं रोमिओ विचारतो. नाही. तो आणखी वाट पाहत नाही. औषधविक्याकडे जातो. मांटुआत विष विकणाऱ्याला देहदंड आहे, पण त्या माणसाच्या अंगावर चिंध्या आहेत, पोट खपाटीला गेलंय. चाळीस ड्यूकट मोजून मिळतात आणि तो विष देतो. ब्रुकनं याला फासावर चढवलं होतं. शेक्सपिअरनं त्याची भूक एवढी जवळून दाखवली की फाशीची शिक्षा मागायला आपलं तोंडच उघडत नाही.

अर्धा तास

आता थडग्यातला तो क्षण. रोमिओ मशाल घेऊन आत येतो, वाट अडवणाऱ्या पॅरिसला मारतो, ज्युलिएटजवळ बसतो आणि तिच्याकडे पाहतो. आणि त्याला दिसतं की तिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे. मरणाला तुझं रूप अजून जिंकता आलेलं नाही, असं तो तिला म्हणतो.

त्याला दिसत होतं. खरंच दिसत होतं. औषधाचा अंमल उतरत होता, रक्त पुन्हा खेळू लागलं होतं, ती लाली म्हणजे ती जिवंत असल्याचा पुरावा होता. जगातला एकमेव पुरावा, आणि तो नेमका त्याच्या डोळ्यांसमोर. त्यानं त्याचा अर्थ कवीसारखा लावला, वैद्यासारखा नाही. चिठ्ठ्या हरवल्या, निरोप चुकले, तरी शेवटी तिचा चेहराच त्याला खरं सांगत होता. तोही त्याला वाचता आला नाही. पहिल्या प्रवेशांत दुसऱ्याची यादी खडाखडा वाचून दाखवणारा हाच तो मुलगा.

तो विष पितो. काही क्षणांत लॉरेन्स धापा टाकत, थडग्यांना ठेचकाळत पोचतो. रोमिओला आत जाऊन किती वेळ झाला, तो विचारतो. अर्धा तास, बाल्थझार सांगतो. आणि तेवढ्यात ज्युलिएट डोळे उघडते.

ही रचनाही ठरवून केलेली आहे. जुन्या इटालियन कथांत ज्युलिएट रोमिओ मरण्याआधी जागी होते, दोघं बोलतात. 1748मध्ये डेव्हिड गॅरिकनं लंडनच्या रंगभूमीवर तसाच संवाद लिहून घातला आणि जवळजवळ शंभर वर्षं प्रेक्षकांनी तेच नाटक पाहिलं. 1845मध्ये शार्लट कुशमन या अमेरिकन अभिनेत्रीनं रोमिओची भूमिका करताना मूळ शेवट परत आणला. त्या मूळ शेवटात दोघांना एकमेकांशी एक अक्षरही बोलता येत नाही. बोलणं न होणं हाच तर या नाटकातला मृत्यू आहे.

गस्तीची चाहूल लागते. लॉरेन्स घाबरतो, ज्युलिएटला चल म्हणतो, ती हलत नाही, आणि तो पळून जातो. त्याच्या सगळ्या चुकांत मला हीच माफ करता येत नाही. बाकी सगळं भल्यासाठी केलेलं होतं. हे लग्न लावलं तर वैराचं रूपांतर प्रेमात होईल या आशेनं त्यानं मंत्र म्हटले होते. पण चौदाही न भरलेल्या मुलीला प्रेतांमध्ये एकटी टाकून जाणं हे भीतीपोटी केलं. तो स्वतःही ते जाणतो. अधिपतीपुढे उभा राहून म्हणतो, यात माझ्यामुळे काही बिघडलं असेल तर माझा म्हातारा जीव घ्या.

मग दोष कुणाचा?

मोजून पाहू. मर्क्युशिओ, टिबल्ट, पॅरिस, रोमिओ, ज्युलिएट, आणि मुलाच्या हद्दपारीच्या दुःखानं त्याच रात्री मेलेली रोमिओची आई. सहा मृत्यू. 1597च्या पहिल्या छापील आवृत्तीत तर बेन्व्होलिओही मेल्याचं रोमिओचा बाप सांगतो. 1599च्या आवृत्तीतून तो उल्लेख गेला.

या सहांसाठी एक गुन्हेगार शोधायला आपण निघालो होतो. हाती काय लागलं? वाचता न येणारा नोकर. पत्राचा विषय विसरलेले मित्र. लेकीच्या काळजीनं घाई करणारा बाप. गुपित राखणारी दाई. आशावादी साधू. उपाशी औषधविक्या. इमानी बाल्थझार. कर्तव्यदक्ष तपासनीस. आणि जिवापाड प्रेम करणारी दोन मुलं, ज्यांना धीर धरता आला नाही. यांतला एकही दोष मरणाएवढा मोठा नाही. दुसऱ्या एखाद्या गावात या सगळ्या चुका झाल्या असत्या आणि संध्याकाळी लोक त्या आठवून हसले असते.

मग या गावातच त्या प्राणघातक का झाल्या? उत्तर चिठ्ठ्यांमध्येच आहे. इतक्या चिठ्ठ्या, इतके निरोपे, इतकी गुपितं लागली कशाला? कारण समोरासमोर बोलता येत नव्हतं. ‘मी तुझा मेहुणा आहे’ हे रोमिओ टिबल्टला सांगू शकला नाही. ‘माझा नवरा जिवंत आहे’ हे ज्युलिएट आईला सांगू शकली नाही. लॉरेन्स कॅप्युलेटला लग्नाची गोष्ट उघडपणे सांगू शकला नाही. दोन घराण्यांच्या वैरानं स्वतः कुणाचा गळा घोटला नाही. त्यानं फक्त गावातले सगळे सरळ रस्ते बंद केले, आणि माणसांना आडवाटांनी, अंधारातून, दुसऱ्याच्या हाती चिठ्ठी देऊन जगायला लावलं. आडवाटेवर पाय घसरणारच.

आणि हे वैर कशावरून सुरू झालं? सबंध नाटकात एका शब्दानं ते सांगितलेलं नाही. ते फक्त जुनं आहे. पहिल्याच प्रवेशात दोन्ही घरचे नोकर एकमेकांवर धावून जातात, तेव्हा मालकांचं भांडण म्हणजे आपलं भांडण एवढंच त्यांना कळतं.

म्हणून दोष ठेवायचाच तर मी तो ज्यांच्या हाती हे वैर मोडायची सत्ता होती त्यांच्यावर ठेवीन: दोन बाप आणि अधिपती. एस्कॅलस हे स्वतः कबूल करतो. तुमच्या भांडणांकडे मी काणाडोळा केला आणि त्यापायी माझे दोन नातलग गमावले, असं तो भर सभेत म्हणतो. ते दोघे म्हणजे मर्क्युशिओ आणि पॅरिस. कदाचित म्हणूनच तो निकाल देत नाही. न्यायाधीशच आरोपींच्या रांगेत उभा असेल, तर शिक्षा वाचून कुणी दाखवायची?

चौथी चिठ्ठी

राहिली शेवटची चिठ्ठी. थडग्यात शिरण्याआधी रोमिओनं बाल्थझारच्या हाती एक पत्र दिलं आणि उजाडल्याबरोबर माझ्या वडिलांना नेऊन दे असं सांगितलं.

नाटक पुन्हा चाळून पाहा. रोमिओ आणि त्याचा बाप रंगमंचावर एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. पहिल्या प्रवेशात मुलगा येताना दिसतो तेव्हा बाप बाजूला होतो. पोराला काय दुःख आहे ते काढून घे, असं बेन्व्होलिओला सांगून निघून जातो. मर्क्युशिओ आणि टिबल्ट पडले त्या दुपारी बाप येतो, तेव्हा मुलगा पळालेला असतो. बाप मुलाबद्दल बोलतो, मुलाच्या बाजूनं बोलतो, मुलाशी मात्र कधीच नाही. मुलाच्या मनातलं बापापर्यंत निघालं ते एवढंच, या एका कागदावर: माझं हिच्यावर प्रेम आहे, आमचं लग्न झालंय, ती गेली, मीही तिच्याजवळ जातोय.

ही चिठ्ठी हरवत नाही. तिचं दार कुणी बंद करत नाही. बाल्थझार ती जपून ठेवतो, आणि ज्याच्या नावची ती आहे तो बाप स्वतःच चालत थडग्यापाशी येतो. पुरावा म्हणून अधिपती ती मागून घेतो, तिथंच उघडतो, वाचतो, आणि साधू खरं बोलत होता असं जाहीर करतो. त्यातला मजकूर तो सगळ्यांना थोडक्यात सांगतो. रोमिओचे शब्द मात्र आपल्याला ऐकू येत नाहीत.

बाप शेजारीच उभा आहे. पत्र त्याच्या हाती दिल्याचं शेक्सपिअरनं कुठंही लिहिलेलं नाही.